शेजारी कामगारांचे संकट ही कोणाची ‘संधी’?

५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशातील शेख हसीना यांची राजवट जनतेच्या उठावापुढे कोसळली. त्यानंतरचे कित्येक आठवडे ढाक्याभोवतीच्या सावर, आशुलिया आणि गाझीपूर या पट्ट्यातील शिलाई कारखाने कधी बंद, तर कधी चालू अशा अवस्थेत होते. या उठावात शेकडो माणसे गोळ्यांना बळी पडली होती. परंतु आपल्या देशातील भांडवलदारी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांना सतावत होता तो वेगळाच प्रश्न : ढाक्याच्या हातून निसटणाऱ्या ऑर्डरी तिरुप्पूर, बंगळूर आणि नोएडाकडे वळवायच्या कशा? ‘बांगलादेशचे संकट ही भारताची संधी’ हे सूत्र निर्यातदारांच्या गोटातून निघाले आणि पाहता पाहता देशभक्तीचा टिळा लावून मिरवू लागले. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे असा मराठीत ज्याचा उल्लेख करतात, त्याच वृत्तीला अर्थशास्त्राच्या परिभाषेत ‘स्पर्धात्मक लाभ’ असे भारदस्त नाव मिळाले.

ही केवळ मालकांची हाव असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु हे सूत्र कामगारवस्तीतही उतरते. ऑर्डर आली म्हणजे काम आले, काम आले म्हणजे चूल पेटली, असा हिशेब तिरुप्पूरच्या शिलाई कामगाराने केला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणूनच हा हिशेब शेवटपर्यंत तपासून पाहणे आवश्यक आहे. आशियातील एका देशाचे कामगार संकटात सापडल्याने दुसऱ्या देशाच्या कामगारांचे भले होते काय? गेल्या पंचेचाळीस वर्षांचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे देतो.

‘दगडापेक्षा वीट मऊ’चे अर्थशास्त्र

आशियातील तयार कपड्यांच्या उद्योगाचे समर्थन करणारा युक्तिवाद जुना आहे. १९९७ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी स्वस्त मजुरीची प्रशंसा करणारा लेखच लिहिला. या मताचा गाभा असा : कारखान्यातील मजुरी तुटपुंजी असेल, परिस्थितीही वाईट असेल, परंतु गावातील उपासमारीपेक्षा ती बरी. दगडापेक्षा वीट मऊ. शिवाय ही शिडीची पहिली पायरी आहे. उत्पादकता वाढेल, उद्योग वाढेल आणि मजुरी आपोआप वर चढेल. कामगारांनी फक्त धीर धरावा.

या युक्तिवादात एक सत्य आहे आणि ते नाकारण्याची कम्युनिस्टांना गरज नाही. बांगलादेशच्या खेड्यांतून लक्षावधी तरुणी शहरात आल्या, त्यांच्या हातात प्रथमच स्वतः मिळविलेले पैसे आले, बापाच्या आणि नवऱ्याच्या उंबरठ्याबाहेरचे जग त्यांनी पाहिले. हे परिवर्तन खरे आहे. ग्रामीण दारिद्र्याकडे परत जाण्यात कोणताही मोक्ष नाही, आणि या कारखान्यांचा माल घेऊ नका, असे श्रीमंत देशांतील ग्राहकांना सांगून कामगाराची भाकरी काढून घेणे हा तर उपायच नव्हे. वाद नोकरी असावी की नसावी हा नाही. मजुरी ‘आपोआप’ चढते की लढून चढवावी लागते, हा आहे.

मजुरी वाढविली कोणी?

बांगलादेशात या उद्योगाची पायाभरणी १९७९ च्या सुमारास झाली. ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने सुमारे १३० माणसे दक्षिण कोरियातील ‘देवू’ कंपनीत प्रशिक्षणासाठी पाठविली. १९७४ च्या बहुतंतू कराराने कोरिया, हाँगकाँग आदी देशांच्या निर्यातीवर कोटा लादला होता. ज्या देशांवर कोटा नव्हता तेथे भांडवल वळले. म्हणजे जन्मापासूनच हा उद्योग ‘एकाकडून काढून दुसऱ्याकडे’ या न्यायाने चालत आला आहे.

१९९४ मध्ये सर्वांत खालच्या श्रेणीतील कामगाराचे किमान वेतन महिना ९३० टका ठरविण्यात आले. त्या वर्षी तयार कपड्यांची निर्यात सुमारे दीड अब्ज डॉलर होती. २००६ पर्यंत ती सुमारे आठ अब्ज डॉलरवर गेली. पाच पटींहून अधिक वाढ! या बारा वर्षांत किमान वेतन किती वाढले? एका टक्यानेही नाही. ९३० चे ९३०. महागाईने त्यातील निम्मे तरी गिळले असेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. शिडीचा सिद्धान्त खरा असता, तर याच बारा वर्षांत तो दिसायला हवा होता.

मे-जून २००६ मध्ये सावर आणि गाझीपूरच्या कामगारांचा उद्रेक झाला. हजारो कामगार रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी वेतन १,६६२ टक्यांवर गेले. २०१० मध्ये पुन्हा उठाव झाला आणि वेतन ३,००० झाले. २०१३ मध्ये राणा प्लाझाच्या हत्याकांडानंतर संपाची लाट उसळली आणि ५,३०० मिळाले. २०१८ मध्ये कामगारांनी १६,००० मागितले. ८,००० हाती पडले. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संघटनांची मागणी २३,००० ची होती, मालकांनी १०,४०० देऊ केले. कामगार रस्त्यावर आले, किमान चार कामगारांचा बळी गेला, हजारोंवर खटले भरले गेले, आणि अखेर १२,५०० टका, म्हणजे तेव्हाच्या दराने महिना सुमारे ११३ डॉलर, एवढे वेतन जाहीर झाले.

प्रत्येक वाढीमागे उठाव आहे. उठावाविना दिलेली वाढ या इतिहासात शोधावी लागते. आणि मालकांच्या सरकारने यातून काय धडा घेतला? २०१० मध्ये एका हाताने ३,००० टका देताना दुसऱ्या हाताने त्याने ‘औद्योगिक पोलीस’ नावाचे स्वतंत्र दल उभारले. संसदेत वस्त्रकारखान्यांचे अनेक मालक सदस्य म्हणून बसत आले होते. त्यांना कामगारखात्यापेक्षा पोलीसखाते जवळचे वाटले यात नवल ते काय? एप्रिल २०१२ मध्ये कामगार संघटक अमिनुल इस्लाम बेपत्ता झाले आणि छळाच्या खुणा असलेले त्यांचे प्रेत सापडले. राजवट बदलल्यानंतरही बंदूक बदलली नाही : ३० सप्टेंबर २०२४ रोजी आशुलियात पुन्हा गोळीबार होऊन एक कामगार ठार झाला. त्याच्या काही दिवस आधीच सरकार, मालक आणि कामगार यांच्यात अठरा कलमी समझोता झालेला होता!

हे केवळ बांगलादेशचे वैशिष्ट्य नव्हे. ३ जानेवारी २०१४ रोजी कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह येथे महिना १६० डॉलर मागणाऱ्या शिलाई कामगारांवर लष्करी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किमान चौघे ठार झाले. २०११ मध्ये श्रीलंकेतील कटुनायके मुक्त व्यापार क्षेत्रात कामगारांवर लादलेल्या निवृत्तिवेतन विधेयकाविरुद्धच्या निदर्शनांवर गोळीबार झाला, एक तरुण कामगार मरण पावला आणि मगच ते विधेयक मागे घेण्यात आले. देश निराळे, भाषा निराळ्या, धर्म निराळे. मजुरीचा नियम मात्र एकच.

कुलूप लावलेले दरवाजे

कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या शिलाई कामगार मुलीची हकिकत नोंदविली आहे. जून १८६३ मध्ये लंडनमध्ये सलग साडेसव्वीस तास शिवणकाम करून ती मेली. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात आग लागली तेव्हा दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार जळून किंवा उड्या टाकून मेले. तेथील कामगारांनी मग संघटना बांधली, कायदे करून घेतले. भांडवलाने काय केले? त्याने कुलूप उचलले आणि ते आशियात आणून लावले.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बलदिया भागातील अली एंटरप्रायझेस जळाली. अडीचशेहून अधिक कामगार गेले. बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते, खिडक्यांना गज होते. या कारखान्याला अवघ्या काही आठवड्यांपूर्वी कामगारकल्याणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते! २४ नोव्हेंबर २०१२ रोजी आशुलियातील ताझरीन फॅशन्समध्ये आगीची घंटा वाजली असता ‘कामावर बसा’ म्हणून कामगारांना दटावण्यात आले. किमान ११२ जण मेले. आणि २४ एप्रिल २०१३ रोजी सावरची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३० हून अधिक माणसे गाडली गेली.

राणा प्लाझाची एक गोष्ट कधीही विसरता कामा नये. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेले होते आणि ते सर्वांनी पाहिले होते. त्याच इमारतीतील बँकेने आपले कर्मचारी बाहेर काढले. वरच्या मजल्यांवरील पाच शिलाई कारखान्यांच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आत घालण्यात आले. पगार कापण्याची धमकी होती, माल पाठविण्याची मुदत डोक्यावर होती. तडे बँकेला दिसले आणि कारखान्याला दिसले नाहीत, असे नव्हे. फरक एवढाच की कारखान्याच्या व्यवस्थापनाला माणसाच्या जिवापेक्षा जहाजाची तारीख मोठी होती. या पाचही कारखान्यांत कामगारांची संघटना नव्हती. ‘आम्ही आत जाणार नाही’ हे वाक्य एकट्याने उच्चारणे अशक्य होते. एकत्र उच्चारले असते तर हजार जीव वाचले असते. संघटनेचे मूल्य याहून स्पष्ट कोणत्या ग्रंथात सांगितले असेल?

यानंतर जे घडले त्यातही धडा आहे. खासगी तपासण्या आणि प्रमाणपत्रे यांची दुकानदारी उघडी पडली. कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मे २०१३ मध्ये परदेशी कंपन्यांना ‘ॲकॉर्ड’ या कायदेशीर बंधनकारक करारावर सही करण्यास भाग पाडले. दोनशेहून अधिक कंपन्या सामील झाल्या, सुमारे सोळाशे कारखान्यांची तपासणी झाली आणि पहिल्याच फेरीत ८०,००० हून अधिक धोके नोंदविले गेले. जी प्रमाणपत्रे इतकी वर्षे भिंतीवर टांगली होती, त्यांना यांतले किती दिसले होते? वॉलमार्ट, गॅप आदी अमेरिकन कंपन्यांनी मात्र बंधनकारक करार टाळून आपली वेगळी चूल मांडली. स्वेच्छेची ‘नैतिकता’ आणि कामगारांच्या सहीचा करार यांतील अंतर हे असे.

दोरीचे दुसरे टोक

ही नफेखोरी केवळ ढाक्याच्या वा तिरुप्पूरच्या मालकाची आहे, असे मानणे चूक ठरेल. कापड कोणते, रंग कोणता, किती नग, कोणत्या तारखेला आणि कोणत्या भावाला, हे सारे ठरवितो तो युरोप-अमेरिकेतील खरेदीदार. त्याच्या मालकीचे एकही शिलाई यंत्र नसते. तो चार देशांकडून भाव मागवितो आणि सर्वांत कमी भावाचा कागद उरलेल्या तिघांपुढे धरतो. मग कारखानदार लाईनवरचे दर तासाचे टार्गेट वाढवितो, सुपरवायझर शिव्या देतो, हेल्पर मुलगी लघवीला जाण्याचेही टाळते, आणि मुदत जवळ आली की जादा काम रात्रीपर्यंत लांबते. खरेदीदाराच्या कार्यालयातील एका आकड्याची किंमत अशी एका बाईच्या पाठीच्या कण्यावर वसूल होते.

२०२० च्या महामारीत हे नाते नागडे झाले. बांगलादेशातील कारखानदारांच्या संघटनेच्या हिशेबानुसार तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डरी खरेदीदारांनी रद्द केल्या किंवा रोखून धरल्या. त्यात शिवून तयार झालेला मालही होता. त्याच एप्रिलमध्ये कारखाने उघडणार या वार्तेने हजारो कामगार वाहनांअभावी पायी ढाक्याला पोहोचले आणि पोहोचल्यावर त्यांना कळले की कारखाने बंदच आहेत. नफा वर चढतो आणि जोखीम खाली उतरते. या उद्योगातील खरी शिडी ती हीच.

मुंबईच्या गिरणी कामगाराला हा डाव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांनाही ‘तुम्ही महाग झालात’ असेच ऐकविले गेले. कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले, जेथे आठ तासांचा दिवस कागदावरही नव्हता. आज लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे. गिरणगावाच्या छाताडावर बसून परदेशी कंपन्या तेथे आशियातील ‘स्वस्त’ हातांनी शिवलेले कपडे विकतात. एका शहराचा कामगार हरला म्हणून दुसऱ्या शहराचा जिंकला, असे झाले नाही. दोघेही हरले, जागा मात्र विकली गेली.

भारतातील ‘संधी’चे खरे स्वरूप

आता त्या ‘संधी’कडे वळावे. ऑर्डरी खेचण्यासाठी भारतातील राज्यकर्त्यांनी काय केले? २२ जून २०१६ रोजी केंद्र सरकारने तयार कपडे उद्योगासाठी ६,००० कोटी रुपयांची खैरात जाहीर केली. तिच्यासोबत ‘सुधारणा’ होत्या : ठरावीक मुदतीची नोकरी, जादा कामाच्या मर्यादेत वाढ आणि महिना १५,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असलेल्यांसाठी भविष्यनिर्वाह निधी ऐच्छिक. मालकाला रोकड आणि कामगाराला असुरक्षितता! ठरावीक मुदतीच्या नोकरीची ही कीड प्रथम शिलाई उद्योगात सोडली गेली आणि २०१८ मध्ये ती सर्व उद्योगांत पसरविण्यात आली.

हे घडले ते बंगळूरच्या उठावानंतर अवघ्या दोन महिन्यांत. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढू न देण्याचा नियम सरकारने केला होता. १८ आणि १९ एप्रिल २०१६ रोजी हजारो शिलाई कामगार स्त्रियांनी, कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिलेली नसताना, बंगळूरचे रस्ते रोखून धरले. लाठ्या चालल्या, पण दुसऱ्याच दिवशी सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. ज्यांना ‘मुकाट काम करणाऱ्या बायका’ म्हणून कामावर घेतले होते, त्यांनी दोन दिवसांत केंद्र सरकार वाकविले.

कर्नाटकातीलच पुढचा अध्याय पाहावा. एप्रिल २०२० पासून देय असलेला महागाई भत्ता, महिना अवघे ४१७ रुपये, राज्यातील कारखानदारांनी दडपून ठेवला. उच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतरही थकबाकीसाठी २०२२ साल उजाडावे लागले. त्याच २०२० मध्ये श्रीरंगपट्टण येथील कामगारांची संघटना असलेला एक कारखाना बंद करून बाराशेहून अधिक कामगारांना घरी बसविण्यात आले. ढाक्याच्या कामगाराचा वाटा हिरावून जी ‘संधी’ आणायची, ती आणून अशा रीतीने वाटली जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी या प्रवासाला कायद्याचे कवच दिले. कारखाना बंद करण्यासाठी वा कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. संपासाठी चौदा दिवसांची सूचना सर्वत्र सक्तीची केली. राणा प्लाझाचे तडे सकाळी दिसले, तर चौदा दिवसांची सूचना कोणी कोणाला द्यायची?

आणि ‘राष्ट्रीय संधी’चे पुढे काय झाले? १७ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांची भूसीमेवरून होणारी आयात बंद करून ती फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांपुरती ठेवली. निर्यातदारांनी टाळ्या वाजविल्या. तीन महिन्यांतच, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकन साम्राज्यवादाने भारतीय मालावर ५० टक्के, तर बांगलादेशी मालावर २० टक्के अतिरिक्त जकात लादली. तिरुप्पूर, नोएडा आणि सुरत येथील उत्पादकांनी काम थांबविल्याचे निर्यातदारांच्याच संघटनेने जाहीर केले. काल ढाक्याचे संकट ही तिरुप्पूरची संधी होती. आज तिरुप्पूरचे संकट ही ढाक्याची संधी ठरली. आसूड एकच होता, फक्त पाठ बदलली. दोन्ही पाठी कामगारांच्याच.

दोन मालकांच्या भांडणात तिसरी बाजू

येथे एक आक्षेप घेतला जाईल : कामगारहक्कांचा आग्रह धरणे म्हणजे पाश्चात्त्य संरक्षणवादाच्या हाती कोलीत देणे नव्हे काय? हा प्रश्न मुंबईने एकोणिसाव्या शतकातच सोडविला आहे. मँचेस्टरचे गिरणीमालक आपल्या स्वार्थापोटी हिंदुस्थानात कारखाने कायदा मागत होते आणि मुंबईचे गिरणीमालक स्वदेशीच्या नावाने त्याला विरोध करीत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी या दोहोंपैकी कोणाचीही पालखी वाहिली नाही. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन कामगारांच्या मागण्या मांडल्या आणि १८९० मध्ये साप्ताहिक सुट्टी मिळविली. साम्राज्यवादी जकातीला विरोध आणि देशी मालकाच्या पिळवणुकीला विरोध या एकाच लढ्याच्या दोन आघाड्या आहेत. रविवारची सुट्टी उपभोगणाऱ्या प्रत्येकाला या धोरणाचे फळ मिळते आहे.

तेव्हा कामगारवर्गाचे कर्तव्य कोणते? पहिले, आशियाई कामगारांच्या आपसांतील स्पर्धेला तळ घालणे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचा निकष एकमताने ठरविला : तीन ग्राहक-घटकांचे कुटुंब, प्रौढ माणसाला २,७०० कॅलरी अन्न, दरडोई वर्षाला अठरा वार कापड. जगाला कपडे शिवून देणाऱ्या कामगाराला स्वतःचे अठरा वार कापड आणि पोटभर अन्न मिळण्याइतकी मजुरी मिळत नाही, हेच या उद्योगावरचे आरोपपत्र होय. आशियातील संघटनांनी २००९ मध्ये मांडलेली सामाईक आशियाई किमान वेतनाची मागणी याच विचाराची वारस आहे. ढाका, कोलंबो, नोम पेन्ह आणि तिरुप्पूर येथे एकाच वेळी मजुरी वाढली, तर पळून जाण्यासाठी खरेदीदाराला वाट उरत नाही.

दुसरे, बंधनकारक करार. दिंडीगुलच्या एका कारखान्यात जानेवारी २०२१ मध्ये एका तरुण दलित कामगार मुलीचा सुपरवायझरने खून केला. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील संघटनेने लढून एप्रिल २०२२ मध्ये मालक आणि परदेशी खरेदीदार यांना लैंगिक आणि जातीय छळाविरुद्ध करारात बांधले. वर्ग, जात आणि स्त्रीदास्य यांविरुद्धचे लढे वेगळे करता येत नाहीत, हे तेथील कामगार स्त्रियांनी व्यवहाराने दाखवून दिले.

तिसरे आणि सर्वांत तातडीचे, संघटना. बंगळूरच्या स्त्रियांना हाक द्यायला कोणी गेले नव्हते, ही बाब अभिमानाने सांगण्याची नाही. कामगार चळवळीने ती आव्हान म्हणून स्वीकारली पाहिजे. बैठक रात्री आठला, कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, भाषणे पुरुषांची, अशा पद्धतीने या उद्योगात संघटना उभी राहणार नाही. कामगार जेथे राहतात त्या भाड्याच्या खोल्यांच्या चाळींत, वसतिगृहांच्या फाटकांशी, ओडिशा, बिहार आणि झारखंडमधून आलेल्या मुलींच्या भाषेत, पाळणाघर, शौचालय आणि रात्रीची बस या प्रश्नांपासून सुरुवात करावी लागेल.

‘बांगलादेशचे संकट ही भारताची संधी’ ही मालकांची घोषणा आहे. ती मालकांनाच लखलाभ असो. सावरच्या ढिगाऱ्याखाली मेलेली मुलगी तिरुप्पूरच्या मुलीची स्पर्धक नव्हती. एकाच खरेदीदाराच्या ऑर्डरीवर ओणवून काम करणाऱ्या त्या दोघी बहिणी होत्या. ढाक्याचा कामगार जेव्हा १२,५०० चे २३,००० करण्यासाठी उठतो, तेव्हा तो तिरुप्पूरच्या मजुरीचीही लढाई लढत असतो. त्याचा विजय हीच भारतीय कामगारांची खरी संधी!